पावणेतीन मिलिमीटर

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या सोसायटीतले काका लाल कापडी पाठीची एक लांबट वही बाहेर काढतात. वाणी उधारी मांडतो तसली. तिच्यात उधारी नाही, भविष्य आहे. तेही माणसांचं नाही, इंजिनांचं. येत्या जानेवारीत इंग्लंडची हॉर्नबी कंपनी आगगाडीच्या इंजिनांची कोणती नवी छोटी मॉडेल जाहीर करील, बाकमन काय काढील, ॲक्युरास्केल आणि रॅपिडो कुणाच्या ताटातलं उचलतील, याचे अंदाज आम्ही दोघं बांधतो. प्रत्येकी दहा ओळी. एका रकान्यात इंजिन, दुसऱ्यात कंपनी, तिसरा गुणांसाठी मोकळा. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. वर्ष सरताना ज्याच्या ओळी जास्त खऱ्या ठरतील त्याला दुसऱ्याने मिसळ द्यायची. अकरा वर्षं झाली. आठ वेळा मिसळ मी दिली आहे.

"आणि यातली तुम्ही घेता किती?" असं आमच्या घरात दरवर्षी विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. काकांकडे तीन इंजिनं आहेत, माझ्याकडे दोन, आणि माझ्या दोनातलं एक फक्त उलटं चालतं. बाहेरून मागवावं म्हटलं तर खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तळहाताएवढ्या इंजिनासाठी 'खेळणी' या सदरात एवढा कर भरायचा, हे खिशापेक्षा मनाला जास्त लागतं. म्हणून आम्ही घेत नाही, ओळखतो. आयुष्यात बॅट हातात न धरता भारताचा संघ निवडणारे लोक गल्लोगल्ली आहेत. त्यांना कोणी विचारत नाही.

अंदाज म्हणजे चिठ्ठ्या टाकणं नव्हे. काका एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले आणि त्यांचं सगळं काम अजून टोक काढलेल्या पेन्सिलीने चालतं. त्यांची पहिली कसोटी पंचांगाची. म्हणजे शताब्द्यांची. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलं आणि १९२० मध्ये पहिल्या चावीच्या आगगाड्या विकायला काढल्या. मग २०२० साली कंपनी शंभरी साजरी करणार, आणि करताना स्टीफनसनचं 'रॉकेट' हे जुनं वाफेचं इंजिन काढल्याशिवाय राहणार नाही, हे काकांनी आदल्या दिवाळीत लिहून ठेवलं होतं. आलं. स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेची द्विशताब्दी २०२५ मध्ये येणार हे तर कुणालाही बोटांवर मोजता येत होतं.

दुसरी कसोटी साच्यांची. मॉडेलचं प्लास्टिकचं अंग पोलादी साच्यातून निघतं आणि साचा म्हाताऱ्या माणसासारखा हळूहळू ढिला पडतो. कडा बोथट होतात, सांध्यांवर पापुद्रे येतात. शिवाय गिऱ्हाइकाची नजर बदललेली. चाळीस वर्षांपूर्वी दारापाशीचा दांडा अंगावरच उमटवलेला चालायचा, आता तो वेगळ्या तारेचा लागतो. तेव्हा ज्या इंजिनाचं एकच जुनं मॉडेल बाजारात आहे आणि ज्याच्यावर लोकांचा जीव आहे, ते नव्याने येणार असं समजावं. वळणावर अंग कलतं करणारी एपीटी गाडी हॉर्नबीने पूर्वी काढली होती. २०२० च्या यादीत ती नव्या साच्यातून परत आली. खरी एपीटी डिसेंबर १९८१ मध्ये प्रवासी घेऊन धावली, थंडीत अडखळली, प्रवाशांना मळमळवून तिने नाव घालवलं आणि काही वर्षांत तिचा गाशा गुंडाळला गेला. फसलेल्या गाडीचं दोनदा मॉडेल निघतं, हे मला फार दिलासा देणारं वाटतं. काकांना वाटत नाही. त्यांनी ती ओळ लिहिली नव्हती, त्या वर्षीची मिसळ त्यांच्याकडून.

तिसरी कसोटी मोजणाऱ्यांची. हल्ली मॉडेल काढायचं तर जतन केलेल्या खऱ्या इंजिनाभोवती तिपाई लावून लेझरने त्याचं अंग न् अंग मोजतात. एखाद्या संग्रहालयातलं इंजिन रंगरंगोटी होऊन नुकतं शेडबाहेर आलं असेल तर त्याच्यावर डोळा ठेवावा. आणि चौथी कसोटी, जी काका तोंडाने कधी कबूल करत नाहीत, ती म्हणजे शत्रुत्व. या कंपन्या एकमेकींपासून सगळं लपवतात. जाहीर झालेलं मॉडेल हातात पडायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, त्यामुळे दोघींनी एकच इंजिन निवडलं हे दोघींनाही उशिरा कळतं. २०१८ मध्ये शेफील्डच्या रेल्स दुकानाने दापोल कंपनीकडून 'टेरियर' करून घेत असल्याचं सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत हॉर्नबीनेही नवी टेरियर जाहीर केली. टेरियर म्हणजे लंडनच्या दक्षिणेकडचं छोटं टाकीवालं इंजिन, १८७२ ते १८८० या काळात बांधलेलं, सगळी मिळून ५०. पन्नास इंजिनांच्या एका जातीवर दोन साचे, दोन जाहिराती, आणि गिऱ्हाईक एकच. पुढे 'मॅनर' जातीच्या इंजिनाचंही तसंच झालं. एकीकडे दापोल, दुसरीकडे ॲक्युरास्केल. आमच्या वहीत टेरियरच्या वेळी दोघांनाही अर्धा अर्धा गुण द्यावा लागला आणि त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं.

खरं तर आता या खेळातली गंमत थोडी उडाली आहे. पूर्वी वर्षाची यादी जानेवारीत एकदम बाहेर पडायची. न्यूरेंबर्गचा खेळण्यांचा मेळाही त्याच सुमाराला, जानेवारी सरता सरता. पौष महिना नुसता कान टवकारून काढायचा. आता बाकमनने वर्षभराची यादी सोडून दर तीन महिन्यांनी थोडं थोडं सांगायला सुरुवात केली आहे, नव्या कंपन्या तर पहिला नमुना हातात आल्यावरच तोंड उघडतात. हॉर्नबीने १:१२० या मापाची वेगळी छोटी दुनिया जाहीर केली तीही ऐन ऑक्टोबरात, २०२२ मध्ये. आमची वही तेव्हा कपाटात होती. दसरा संपायच्या आत आपट्याची पानं बाजारातून गायब व्हावीत तसं झालं.

पण मला हे सांगायचं नव्हतं. मला माझ्या दहाव्या ओळीबद्दल सांगायचं होतं. माझ्या नऊ ओळी दरवर्षी बदलतात. दहावी अकरा वर्षं तीच आहे: खेकडा.

हे नाव इंग्लंडात कुणाला कळणार नाही. रेल्वेच्या कागदावर त्याला आधी ईएफ-१ म्हणत, नंतर डब्ल्यूसीजी-१. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी प्रवाह, जी म्हणजे गुड्स. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भोर आणि थळ घाटांत वीज नेली तेव्हा मालगाड्या चढवायला १९२८ पासून ही इंजिनं आणली. एकूण ४१. दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या एसएलएम कारखान्यात झाली, एकतीस लँकेशरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत. मधोमध ड्रायव्हरची खोली, दोन्ही बाजूंना लांबच लांब नाकाडं, आणि खाली सहा-सहा चाकांना जोडणारे जाड आडवे दांडे, जे वाफेच्या इंजिनासारखे वरखाली फिरत. विजेचं इंजिन, पण हातपाय वाफेच्या इंजिनाचे.

माझा मामा कर्जतला असिस्टंट होता, पुढे ड्रायव्हर झाला. कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना गाडीला मागून इंजिन लागतं, तेवढ्या वेळात लोक उतरून वडा खातात, हे पुणे-मुंबई करणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. मागून ढकलणारी ती इंजिनं त्याच्या उमेदवारीच्या काळात पुष्कळदा खेकडाच असत. घाटात ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ. मामा म्हणायचा, "उभा असला की कण्हतो, चालायला लागला की सपसप करतो." आणि मग तो तोंडाने ते कण्हणं काढून दाखवायचा. ओठ मिटून, नाकातून, खालच्या पट्टीत, तापात पडलेल्या माणसासारखं. ते काढताना त्याची मान आपोआप एका बाजूला कलायची. आम्ही भाचरं हसून लोळायचो. नावामागचं कारण विचारलं तर तो म्हणायचा, "अरे, चालताना बघ त्याला." मी चालताना फक्त दोनदा पाहिला. तोपर्यंत घाटातली कामं नव्या इंजिनांकडे गेली होती आणि खेकडे यार्डात डबे इकडचे तिकडे करत असत.

आता त्याच्या भावाबद्दल. खेकड्याच्या थोडं आधी त्याच विंटरथूरच्या कारखान्यात स्विस रेल्वेसाठी गोटहार्डच्या घाटाकरिता इंजिनं बांधली गेली. तीच ठेवण: मधे खोली, दोन बाजूंना नाक, दांड्यांनी जोडलेली चाकं. गोटहार्डचा चढही जवळजवळ भोर घाटाएवढाच. ती दोन टप्प्यांत मिळून ५१ झाली आणि त्यांचं नाव पडलं 'क्रोकोडिल', मगर. या मगरीचं काय झालं ते मॉडेलवाल्यांना सांगायला नको. मेर्कलिन या जर्मन कंपनीने तिचं मॉडेल पहिल्यांदा १९३० च्या दशकात काढलं, आणि तेव्हापासून लहान-मोठ्या सगळ्या मापांत, हिरव्या-तपकिरी दोन्ही रंगांत, स्वस्त-महाग सगळ्या दरांत ती मिळत आली आहे. युरोपात आगगाड्यांच्या कपाटाला मगरीशिवाय शोभा नाही. देव्हाऱ्यात बाळकृष्ण असतो तशी ती असते.

दोन भावंडं, एक गोटहार्डला गेलं, एक भोर घाटात आलं. एकाच्या हजारो प्रतिमा, दुसऱ्याची मला आजवर एकाही मोठ्या कंपनीच्या यादीत भेटली नाही. दरवर्षी मी ती ओळ लिहितो, आणि दरवर्षी काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "अरे, अंदाज वेगळा आणि इच्छा वेगळी. एक गुण फुकट घालवतोस."

पाच वर्षं मी काही बोललो नाही. मग मात्र मी त्यांच्याशी भांडायचं ठरवलं, त्यांच्याच कसोट्या घेऊन.

त्यांचं पहिलं म्हणणं असं की ४१ इंजिनांसाठी कोण साचा काढणार. मी म्हटलं, टेरियर पन्नास होत्या आणि दोन कंपन्या त्यावर तुटून पडल्या. बरं, जीटी-३ किती होती? वाफ नाही, डिझेल नाही, गॅस टर्बाइनवर चालणारं ते इंजिन इंग्लिश इलेक्ट्रिकने १९६१ मध्ये लोकांपुढे आणलं. एक. फक्त एकच बांधलं, चाललं नाही, काही वर्षांत भंगारात गेलं. केआर मॉडेल्स नावाच्या नव्या कंपनीने धंद्याची सुरुवातच त्याच्यापासून केली. ग्रेस्ली या इंग्रज अभियंत्याचं १०००० क्रमांकाचं 'हश-हश' तेही एकच, १९२९ चं, आठ वर्षांनी बदलून दुसरंच करून टाकलेलं. त्याचंही हॉर्नबीने मॉडेल काढलं. तेव्हा संख्येचं कारण सांगू नका.

दुसरं म्हणणं गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, आणि इथे काका खरे ड्राफ्ट्समन झाले. त्यांनी कागद पुढे ओढला. जगभर सर्वांत जास्त चालणारा मॉडेलचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. एचओ हे माप म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. साडेसोळाला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोपचा रूळ, अगदी बरोबर येतो. मगर त्यावर ऐटीत उभी राहते. पण आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं की १९.२६. साडेसोळावर खेकडा उभा केला तर दोन रुळांत पावणेतीन मिलिमीटर कमी पडतात. "अंग खेकड्याचं आणि पाय मगरीचे," काका म्हणाले. "पायघोळ धोतर नेसलेला माणूस पाय जुळवून उभा राहावा तसा दिसेल. तुला चालेल?"

मला चालेल की नाही, याचं उत्तर तेव्हा दिलं नाही. मी म्हटलं, इंग्रजांना कसं चाललं? त्यांची खरी इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगाने लहान, कारण त्यांचे बोगदे आणि पूल जुने आणि अरुंद. सत्त्याऐंशीव्या भागाच्या इंजिनात त्या काळची मोटर बसेना. मग त्यांनी अंग वाढवून शहात्तरावा भाग केलं आणि रूळ तसाच साडेसोळाचा ठेवला. म्हणजे खऱ्यात मोजलं तर त्यांची सगळी मॉडेल १२५७ मिलिमीटरच्या रुळावर धावतात, स्टीफनसनच्या १४३५ च्या रुळापेक्षा जवळजवळ १८ सेंटिमीटर अरुंद. मॉडेलवर सव्वादोन मिलिमीटरहून जरा जास्त खोटं. नव्वद वर्षं ते खोटं साऱ्या देशाने गोड मानून घेतलं. जे थोडे लोक मानत नाहीत ते स्वतःच्या हाताने रुंद रूळ घालतात आणि इतरांशी जरा कमी बोलतात. त्यांचं सव्वादोन चालतं तर आमचं पावणेतीन का नाही?

काका बराच वेळ आकड्यांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "बरं. मग कारण काय?"

इथून पुढे माझ्याजवळ आकडे नव्हते. पण वर्षभर मी तेच डोक्यात घोळवलं आणि पुढच्या दिवाळीला उत्तर घेऊन गेलो. उत्तर व्हल्कन फाउंड्रीत होतं. एकतीस खेकडे जिथे झाले त्याच कारखान्यात १९६१-६२ मध्ये 'डेल्टिक' नावाची २२ डिझेल इंजिनं झाली. डेल्टिकची मॉडेल बाकमनने काढली, ॲक्युरास्केलने काढली, आणखीही निघाली आणि निघत राहतील. कारखाना एक, संख्या खेकड्याहून कमी. फरक एवढाच की डेल्टिक लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात येत-जात होतं आणि फलाटाच्या टोकाला शाळकरी पोरं वही-पेन्सिल घेऊन उभी असायची. नंबर टिपत. त्या पोरांच्या खिशात नंबरांची छोटी पुस्तकं असत. पाहिलेल्या नंबरखाली रेघ मारायची. ती पोरं म्हातारी झाली, पेन्शनीत आली, आणि आता बारा वर्षांची असताना मारलेल्या रेघा विकत घेताहेत. खेकडा कारखान्यातून निघाला तो थेट बोटीवर चढला. त्याला तिथल्या एकाही पोराने पाहिलं नाही.

आणि इथे ज्यांनी पाहिला? मी तेरा-चौदा वर्षांचा असताना एका स्टेशनवर वहीत नंबर लिहीत होतो. खाकी कपड्यांतल्या माणसाने ती वही घेतली, उलटसुलट पाहिली, वडिलांचं नाव विचारलं आणि ठेवून घेतली. स्टेशनांवर फोटोला मनाई असण्याचे दिवस होते ते; नंबर लिहिणारा पोरगा म्हणजे काहीतरी गडबड, असं त्याला वाटलं असेल तर मी त्याला दोष देत नाही. पण त्या वहीत खेकड्याच्या दोन नंबरांखाली रेघा होत्या. आणि मामासारखे लोक, ज्यांनी खेकडा हाकला, त्यांच्या लेखी तो ड्युटी होता. ड्युटीचं कोणी चित्र काढतं का?

काकांनी यावर एकच शब्द उच्चारला: "दार्जिलिंग." मुद्दा बिनतोड होता. दार्जिलिंगचं बी-क्लास इंजिनही भारतातलंच, ग्लासगोच्या शार्प स्टुअर्टने १८८९ पासून बांधलेलं. त्याचं तर खरोखर वाफेवर चालणारं मॉडेल डॉनकॅस्टरच्या राउंडहाउसने विकलं. पण तिथेही तेच, मी म्हटलं. त्या गाडीवर जीव टाकणाऱ्यांची संस्थाच इंग्लंडात आहे. एड्रियन शूटर, ज्यांनी तिकडे चिल्टर्न रेल्वे चालवली, त्यांनी त्यातलं ७७८ क्रमांकाचं खरं इंजिन विकत घेऊन ऑक्सफर्डशरमध्ये आपल्या बागेत पळवलं. इंग्लंडातल्या माणसाला दार्जिलिंगच्या इंजिनाला हात लावता येत होता. आणि गेजचं म्हणाल तर देवच प्रसन्न: दार्जिलिंगचा दोन फुटी रूळ, फुटाला सोळा मिलिमीटर या मापात तो बरोबर बत्तीस मिलिमीटर होतो, आणि बत्तीसचा रूळ तयार मिळतो. ना सव्वादोन कमी, ना पावणेतीन.

यानंतर काकांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. हार मानली की ते असंच करतात.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं वरळीला नेहरू विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या बागेत एक खेकडा उभा आहे. दुसरा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात, 'सर लेस्ली विल्सन' असं मुंबईच्या गव्हर्नराचं नाव मिरवणारा. काकांनी पिशवीतून पोलादी टेप, कॅलिपर, क्लिपबोर्ड आणि थर्मासमधला चहा काढला. आधी रूळ मोजला. १६७६. "चला, निदान हा खरा आहे," असं म्हणून त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मग दांडे, चाकांची आरी, नाकाडावरच्या जाळ्या, पायऱ्यांमधलं अंतर. मी टेपचं दुसरं टोक धरून उकिडवा. शाळेची सहल आली होती, एक मुलगी थांबून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही हे विकत घेणार आहात का?" काका म्हणाले, "बघतोय, कपाटात मावतं का." तिने इंजिनाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि अत्यंत समजूतदारपणे मान हलवली.

दुपारी सावलीत बसून चहा पिताना मी त्यांना मामाचं कण्हणं काढून दाखवायचा प्रयत्न केला. हल्लीच्या मॉडेलात छोटा स्पीकर असतो आणि आवाज खऱ्या इंजिनाचा भरलेला असतो. त्यासाठी माणसं माइक घेऊन खऱ्या इंजिनात बसतात. सुरू होतानाचा, चढावरचा, ब्रेकचा, शिट्टीचा, प्रत्येक आवाज वेगळा टिपतात. खेकड्याचा कसा टिपणार? हा इथे रंग लावून उभा आहे. ज्या १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर तो चालत होता तोही या शहरातून गेला, शेवटी हार्बर लाइनवरून, २०१६ मध्ये. कुणी मनात आणलं तरी त्याला कण्हायला लावता येणार नाही. मामा गेल्याला आता नऊ वर्षं झाली. लग्नाच्या कॅसेटींत त्याचा आवाज आहे, "जेवून जा रे" म्हणतानाचा, कण्हतानाचा नाही. मी नाकातून खालची पट्टी लावली, मान कलती केली. काकांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "हे तर आमच्या फ्रिजसारखं आहे."

घरी आल्यावर ते कामाला लागले. त्यांच्या जुन्या ड्रॉइंग बोर्डावर पंख्याच्या वाऱ्याने हलू नये म्हणून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला कागद आहे, आणि त्यावर सत्त्याऐंशीव्या भागातला खेकडा बाजूने पूर्ण उतरला आहे. इतका बारीक की जाळीच्या पट्ट्या मोजता येतात. समोरून मात्र तो अर्धाच आहे. नाक आहे, दिवा आहे, बफर आहेत. बफरांच्या खाली कागद कोरा. तिथे चाकं येणार, आणि चाकं किती अंतरावर यायची हे ठरत नाही. साडेसोळा ठेवला तर बाजारातली चाकं, बाजारातला रूळ, आणि तो चालेल. १९.२६ ठेवला तर चाकं घडवायची, आस घडवायचे, रूळसुद्धा एकेक पट्टी ठोकून घालायचा, आणि तो काकांच्या टेबलापलीकडे जगात कुठेही चालणार नाही. मला एवढी वर्षं वाटत होतं की पावणेतीन मिलिमीटर ही इंग्लंडातल्या कंपन्यांची अडचण आहे. "तुझा मामा काय म्हणाला असता?" काकांनी विचारलं. मामा म्हणाला असता, आधी चढ चढतो का ते बघा.

परवा वही निघाली. मी माझ्या दहा ओळी लिहिल्या. दहावीत सवयीने खेकडा, आणि कंपनीच्या रकान्यात या वेळी कुण्या स्विस कंपनीचं नाव टाकावं असा विचार करत होतो, कारण १९२८ ची शंभरी आता हाकेच्या अंतरावर आहे आणि १ जून २०३० ला डेक्कन क्वीनलाही शंभर होतील. पंचांगाची कसोटी लागू पडते. तेवढ्यात काकांनी आपली यादी माझ्याकडे सरकवली. नऊ ओळी नेहमीसारख्या, नेमक्या, गुण मिळवणाऱ्या. दहावी ओळ: खेकडा. कंपनीच्या रकान्यात त्यांनी आमच्या सोसायटीचं नाव आणि विंगचं अक्षर लिहिलं होतं.

मी हरकत घेतली. स्वतःच करायचं आणि स्वतःच अंदाज वर्तवायचा, ही शुद्ध लबाडी आहे. अशाने कुणीही गुण मिळवील. काकांचं म्हणणं, नियमांत कुठे लिहिलंय की कंपनी इंग्लंडातलीच पाहिजे? आणि तुझ्या तेव्हाच्या रागावरून सांगतो, ही माझी इच्छा नाही, अंदाज आहे. मार्चपर्यंत पुढचं नाकाड उभं राहील. मी सही करायला नकार दिला. वही आता त्यांच्या टीपॉयवर उघडी पडली आहे, एका सहीची. गेल्या वर्षीची मिसळही अजून बाकी आहे.